स्लॉटमध्ये कार्ड गेलं की लिनक्सला कसं कळतं : सदाशिव पेठेतल्या एका जुन्या मशीनचा अनुभव

३ जून २०२५ ला काम हाती घेतलं, ८ जुलैला संपलं. सदाशिव पेठेतल्या एका छोट्या संस्थेकडे गडकिल्ल्यांच्या छायाचित्रांचा संग्रह आहे. शनिवार-रविवारी राजगड, तोरणा, लोहगड करून आलेली मंडळी सोमवारी संध्याकाळी कॅमेऱ्याची कार्डं आणि पेनड्राइव्ह घेऊन येतात. आजवर एक कार्यकर्ता बसून प्रत्येकाचं कार्ड हातानं कॉपी करायचा. संस्थेला हवं होतं ते एवढंच : कार्ड स्लॉटमध्ये घालावं, फोटो आपोआप संग्रहात जावेत, तपासले जावेत, बीप वाजावा आणि कार्ड काढून घ्यावं. माउसला हात लावायचा नाही. मशीन संस्थेचंच जुनं, त्यावर डेबियन १२, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टमचा एक प्रकार.

हे काम करू पाहणाऱ्यानं आधीच एक गोष्ट मनाशी पक्की करावी, म्हणजे बरेच दिवस वाचतील. कार्ड आल्याचं लिनक्सला कळणं या तीन वेगवेगळ्या घटना आहेत. यूएसबीवर एखादं उपकरण जोडलं गेलं, ही पहिली. त्या उपकरणात माध्यम, म्हणजे कार्ड आलं, ही दुसरी. त्या माध्यमावर अमुक पार्टिशन (जागेचा पाडलेला भाग) आणि अमुक फाइल सिस्टम (फाइली मांडून ठेवण्याची पद्धत) आहे, ही तिसरी. पेनड्राइव्हच्या बाबतीत तिन्ही एका दमात घडतात, म्हणून त्या वेगळ्या आहेत हे लक्षातच येत नाही. कार्ड रीडर आला की त्या सुट्या होतात.

(आज्ञा आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती इंग्रजीतच टाइप करायची.)

पहिल्या दिवशी उसना आणलेला चार स्लॉटचा रीडर जोडला आणि डिस्कची यादी दाखवणारी 'एलएसबीएलके' ही आज्ञा चालवली. यादीत फक्त मशीनची हार्ड डिस्क दिसली. रीडर मेला असावा असं वाटून तो परत करायच्या तयारीत होतो. खरं कारण असं, की 'एलएसबीएलके' शून्य आकाराची उपकरणं मुळात दाखवतच नाही. '-ए' लावल्यावर एसडीबी, एसडीसी, एसडीडी, एसडीई अशी चार नावं ओळीनं दिसली, प्रत्येकाचा आकार ० बी. म्हणजे चारही स्लॉट जागेवर होते, नुसते रिकामे होते. रीडर बिघडलाय असं ठरवण्याआधी हे एकदा बघाच. 'डीमेसेज'मध्ये, म्हणजे लिनक्सच्या संदेशांच्या यादीतही चारही नावं रीडर जोडतानाच येऊन गेलेली असतात.

मग घटना बघायला बसलो. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, आणि युडेव्ह म्हणजे उपकरणांच्या घटनांवर नियम चालवणारी सेवा. त्यासाठी 'युडेव्हएडीएम मॉनिटर'सारखं साधन नाही. 'कर्नल', 'युडेव्ह' आणि 'प्रॉपर्टी' हे तीन पर्याय लावायचे आणि 'सबसिस्टम-मॅच' म्हणून 'ब्लॉक' द्यायचं. कर्नलनं पाठवलेली घटना आणि युडेव्हनं नियम लावून पुढे पाठवलेली घटना अशा दोन्ही ओळी दिसतात. पहिल्या ओळीत नसलेली माहिती, उदाहरणार्थ 'आयडी_एफएस_टाइप' म्हणजे फाइल सिस्टमचा प्रकार, दुसरीत भरलेली असते. ती युडेव्हनं कार्ड वाचून भरलेली असते.

ट्रेकहून आलेलं एक ३२ जीबीचं एसडी कार्ड घातलं. एक-दोन सेकंद काहीच नाही. मग एसडीसीसाठी ओळ आली, पण 'अ‍ॅड' म्हणून नाही, 'चेंज' म्हणून. तिच्याखाली 'डिस्क_मीडिया_चेंज=१'. त्यानंतर एसडीसी१ साठी मात्र 'अ‍ॅड'. कार्ड काढलं तेव्हा एसडीसी१ 'रिमूव्ह' झालं आणि एसडीसी पुन्हा नुसतं 'चेंज'.

कार्ड आल्यावर काय करायचं हे सांगणारा युडेव्हचा नियम आधी लॅपटॉपवर लिहून आणला होता. तिथे तो बिनचूक चालत होता आणि इथे गप्प बसला, त्याचं कारण हेच. लॅपटॉपचा स्लॉट यूएसबीवरून जात नव्हता. तिथे कार्ड 'एमएमसीबीएलके०' या नावानं येतं, कार्डाबरोबर आख्खं उपकरणच जन्माला येतं आणि 'अ‍ॅड' मिळतं. नावातही फरक आहे : पार्टिशनच्या आधी तिथे 'पी' लागतो, एमएमसीबीएलके०पी१. 'एसडी' पाहून लिहिलेला नियम त्याला लागत नाही आणि त्यासाठी लिहिलेला रीडरला लागत नाही. चाचणी ज्या मशीनवर काम चालणार आहे त्याच मशीनवर आणि त्याच रीडरवर घ्यायची.

तो एक-दोन सेकंदांचा उशीर कुठून येतो, हेही सांगून ठेवतो. कार्ड आलं हे रीडर स्वतःहून सांगत नाही, कर्नललाच त्याला विचारत राहावं लागतं. पूर्वी हे विचारण्याचं काम कर्नलबाहेरचे प्रोग्रॅम करायचे. २.६.३८ या आवृत्तीपासून कर्नलमध्येच ती सोय आहे. किती वेळानं विचारायचं याचा तिचा मूळ आकडा शून्य, म्हणजे बंद असतो. युडेव्हचा ६०-ब्लॉक हा नियम तो २००० मिलिसेकंदांवर नेतो. '/सिस/मॉड्यूल/ब्लॉक/पॅरामीटर्स' मधल्या 'इव्हेंट्स_डीएफएल_पोल_एमसेक्स' फाइलमध्ये तो वाचता येतो. प्रत्येक डिस्कच्या फोल्डरमध्ये 'इव्हेंट्स_पोल_एमसेक्स' असते, तिथे -१ दिसलं तर ती डिस्क या सर्वसाधारण आकड्यावर चालते. वीज वाचवण्याच्या नादात कुणी हे बंद केलं असेल, तर कार्ड घातल्याचं कळणारच नाही, आणि दोष मात्र रीडरला दिला जाईल. आकडा कमी करायचा मोह झाला होता, पण २ सेकंदांवरच ठेवला. माणूस कार्ड घालून खुर्चीवर बसेपर्यंत तेवढा वेळ जातोच.

८ जूनला कार्यकारिणीची बैठक झाली. संस्था नोंदणीकृत न्यास असल्यामुळे २,००० रुपयांवरच्या खरेदीला तीन दरपत्रकं लागतात, असा तिथला ठराव आहे. ११ ते १३ जून तापकीर गल्लीत फिरून ती गोळा केली. तिथे तोंडी भाव लगेच सांगतात. लेटरहेडवर, जीएसटी क्रमांकासह आणि संस्थेच्या नावानं लिहून मागितलं की दुकानदार "उद्या या" म्हणतो. त्यासाठी दोन चकरा धरूनच चाला आणि संस्थेचं नेमकं नोंदलेलं नाव कागदावर लिहून न्या. एका दरपत्रकात नावातला एक शब्द गळला होता आणि ते परत आलं. मंजुरीची सही १८ जूनला मिळाली. २० आणि २१ तारखेला पालख्या पुण्यात मुक्कामी होत्या, पेठांमधून सामान घेऊन जाणं शक्यच नव्हतं. सोमवारी बरीच दुकानं बंद. खरेदी झाली ती २४ ला.

चार स्लॉटचा रीडर ६५० रुपये, स्वतःचा अ‍ॅडॅप्टर असलेला यूएसबी हब १,३५०, २ टीबीची हार्ड डिस्क ५,४००, मशीनचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) बदलला त्याचे ९००, मदरबोर्डवरच्या घड्याळाचा सीआर२०३२ सेल ४०. एकूण ८,३४०. सगळ्यात स्वस्त वस्तू सेल, पण तो विसरू नका. जुन्या मशीनचं घड्याळ मागे गेलेलं असतं, आणि कॉपी झालेले फोटो तारखेच्या फोल्डरमध्ये जाणार असतील तर सगळा संग्रह भलत्याच वर्षात जाऊन बसतो. हबही अ‍ॅडॅप्टरवालाच हवा. यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिअ‍ॅम्पिअर देतो. त्यावर रीडर आणि कुणाची तरी पोर्टेबल हार्ड डिस्क एकत्र लावली की 'डीमेसेज'मध्ये 'रीसेट हाय-स्पीड यूएसबी डिव्हाइस' अशा ओळी येऊ लागतात आणि कॉपी अधेमधे तुटते. हिशेब बघणाऱ्या काकूंनी एकच प्रश्न विचारला, "पक्कं बिल आणलंत ना?" आणलं होतं.

२६ जूनपासून नियम नव्यानं लिहायला घेतला. नियमाची फाइल '/ईटीसी/युडेव्ह/रूल्स.डी' मध्ये ठेवायची. तिच्या नावाच्या सुरुवातीचा आकडा नुसता शोभेचा नसतो, फाइली त्याच क्रमानं वाचल्या जातात. फाइल सिस्टमची माहिती ६०-पर्सिस्टंट-स्टोरेज हा नियम भरतो. आपल्या फाइलला १० आकडा दिला तर आपला नियम चालतो तेव्हा ती माहिती अजून आलेलीच नसते. आम्ही ९० दिला.

नियमाची अट काय असावी, यावर एक दिवस गेला. काढता-घालता येणारं माध्यम ओळखायला डिस्कच्या फोल्डरमध्ये 'रिमूव्हेबल' नावाची फाइल असते, 'एलएसबीएलके'मध्ये तोच आकडा 'आरएम' रकान्यात दिसतो. वाटतं की १ असेल तर बाहेरचं, ० असेल तर आतलं. तसं नाही. यूएसबीवरच्या पोर्टेबल हार्ड डिस्क बहुतेक ० सांगतात, कारण त्यांच्यातलं माध्यम डब्यातून निघत नाही. काही पेनड्राइव्हही ० सांगतात. तो आकडा त्या उपकरणानंच दिलेला असतो, कर्नल तो पडताळत नाही. म्हणून अट 'आयडी_बस' बरोबर 'यूएसबी' अशी घातली. आणि पार्टिशनचं नाव न पाहता 'आयडी_एफएस_युसेज' बरोबर 'फाइलसिस्टम' हे पाहिलं. जिथे वाचण्याजोगी फाइल सिस्टम आहे तिथेच काम सुरू व्हावं, मग ती एसडीसी१ वर असो की थेट एसडीसी वर.

खरी अडचण पुढे आली. नियमात 'रन' लावून थेट कॉपीची स्क्रिप्ट बोलावली. स्क्रिप्टमधल्या 'माउंट'नं, म्हणजे कार्ड वापरासाठी जोडून देणाऱ्या आज्ञेनं, 'ऑपरेशन नॉट परमिटेड' असं उत्तर दिलं. तीच स्क्रिप्ट रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला वापरकर्ता, म्हणून हातानं चालवली तर माउंट होत होतं. रूटला परवानगी नाही म्हणजे काय, हे दोन दिवस उमगेना, आणि सोमवार तोंडावर आलेला. उत्तर युडेव्हच्या मॅन्युअलमध्ये स्वच्छ लिहिलं आहे : युडेव्हची सेवा एका कुंपणात चालते, आणि तिच्या नियमांतून माउंट करणं किंवा नेटवर्क वापरणं त्या कुंपणात बसत नाही.

मग 'सिस्टमडी-माउंट' वापरून पळवाट काढली. त्यात माउंट करण्याचं काम सिस्टमडी, म्हणजे मशीनवरच्या सेवा चालवणारा प्रोग्रॅम करतो, म्हणून कुंपण आड आलं नाही. छोट्या कार्डावर सगळं ठीक चाललं. ३० जूनला संध्याकाळी ६४ जीबीचं भरलेलं कार्ड आलं आणि कॉपी मध्येच थांबली. बीप नाही, चूक नाही, काहीच नाही. युडेव्ह एका घटनेला १८० सेकंद देतो आणि मग त्या घटनेसाठी चालू असलेलं काम मारून टाकतो. आमच्या मशीनच्या यूएसबी २.० पोर्टवर सेकंदाला साधारण ३५ एमबी जातात, म्हणजे तीन मिनिटांत जेमतेम सहा जीबी. आख्ख्या कार्डाला अर्धा तास लागतो. जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमडीच्या नोंदवहीत 'टेकिंग अ लाँग टाइम' ही सूचना आधीच येऊन पडली होती, पण ती कुणी वाचली नव्हती.

कार्ड घेऊन आलेला पोरगा म्हणत होता, "दादा, झालं असेल, मी कार्ड फॉरमॅट करतो." त्याला थांबवलं आणि फाइली मोजल्या. कार्डावर २,११८, संग्रहात ४३७. त्या कार्डावर पावसाळ्याआधीच्या दोन ट्रेकचे फोटो होते आणि दुसरी प्रत कुठेच नव्हती. त्या संध्याकाळनंतर ठरवलं की मोजणी आणि पडताळणी झाल्याशिवाय बीप वाजायचा नाही, आणि चूक झाली तर वेगळा, लांब आवाज वाजायचा. गप्प राहणारं मशीन इथे चालणार नाही.

बरोबर पद्धत अशी. युडेव्हच्या नियमानं फक्त निरोप द्यायचा, काम सिस्टमडीनं करायचं. नियमात 'टॅग' म्हणून 'सिस्टमडी' लावायचा आणि 'सिस्टमडी_वाँट्स' मध्ये आपल्या सेवेचं नाव द्यायचं, 'कॉपी@%के.सर्व्हिस'. '%के' च्या जागी एसडीसी१ येतं. सेवा 'वनशॉट' प्रकारची ठेवली, कारण त्या प्रकाराला सुरू होण्याची वेळमर्यादा मुळात नसते. तिच्यात 'बाइंड्सटू' आणि 'आफ्टर' या दोन्ही ओळींत त्या उपकरणाचं युनिट दिलं, म्हणजे कुणी मध्येच कार्ड उपटलं तर सेवा बंद पडते आणि चूक झाल्याचा लांब आवाज वाजतो. नियम बदलला की 'युडेव्हएडीएम कंट्रोल --रीलोड' चालवा, आणि सेवेची फाइल बदलली की 'सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड'. दुसरं विसरलं की जुनीच सेवा चालत राहते.

१ जुलैला एक जुनं कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड आलं आणि त्यावर काहीच झालं नाही. त्या कार्डावर पार्टिशन टेबलच नव्हतं. फॅट ही फाइल सिस्टम थेट एसडीबी वर होती. अट तर याला धरूनच लिहिली होती, आणि 'युडेव्हएडीएम इन्फो' मध्ये फाइल सिस्टमही दिसत होती. अडत होतं ते वेगळ्या ठिकाणी. 'सिस्टमडी_वाँट्स' फक्त उपकरण नव्यानं हजर होतं तेव्हाच लागू होतं. एसडीबी हा रिकामा स्लॉट मशीन सुरू झाल्यापासून हजरच होता. कार्ड आल्यावर नुसतं 'चेंज' झालं, सिस्टमडीच्या लेखी नवीन काहीच आलं नाही. उपाय एका ओळीचा : डिस्कचा आकार शून्य असेल तर 'सिस्टमडी_रेडी' शून्य करायचं. मग रिकामा स्लॉट सिस्टमडीच्या हिशेबी गैरहजर धरला जातो, कार्ड आल्यावर हजर होतो आणि सेवा सुरू होते. या सगळ्या कामातली सर्वात समाधानाची ओळ हीच.

माउंट करताना 'आरओ', 'नोएक्झेक', 'नोसुइड', 'नोडेव्ह' हे पर्याय लावले, आणि त्याच्याही आधी 'ब्लॉकडेव्ह --सेटआरओ'. लोकांच्या कार्डावर एक अक्षरही लिहायचं नाही. एसडी कार्डाच्या कडेची छोटी खिटी यासाठी पुरेशी नाही. ती कार्डाच्या आत कशालाच जोडलेली नसते, तिची जागा रीडर बघतो, आणि न बघणारे रीडरही असतात.

आता देवनागरी नावांविषयी, कारण मराठी माणसाला हे आड येणारच. फॅट माउंट करताना 'यूटीएफ८' पर्याय स्वतः द्या. काही मशीनवर तो आपोआप लागत नाही, मग 'तोरणा झुंजार माची' ऐवजी प्रश्नचिन्हांची रांग दिसते. त्याहून फसवं असं : फॅटमध्ये फाइलच्या लांब नावाला २५५ अक्षरांची मर्यादा आहे, पण आपल्या हार्ड डिस्कवर ईएक्सटी४ ही फाइल सिस्टम होती आणि तिथे मर्यादा २५५ बाइटची. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं आणि काना, मात्रा, वेलांटी वेगवेगळी मोजली जाते. 'पुणे' एवढ्या शब्दाला चार चिन्हं, म्हणजे १२ बाइट लागतात. तेव्हा ८५ चिन्हांपुढचं नाव बसत नाही. एका काकांच्या पेनड्राइव्हवर फाइलींची नावं म्हणजे अख्खी वाक्यं होती, आणि 'फाइल नेम टू लाँग' म्हणून नऊ फाइली राहिल्या. आता स्क्रिप्ट लांब नाव कापते आणि मूळ नाव शेजारच्या मजकूर फाइलमध्ये लिहून ठेवते. कापताना बाइटवर कापू नका, चिन्हावर कापा, नाहीतर शेवटचं अक्षर अर्धवट राहून नाव बिघडतं.

३ जुलैला, गुरुवारी, कॉपी चालू असताना वीज गेली. कार्ड वाचण्यापुरतंच माउंट असल्यामुळे त्याला धक्का लागला नाही, संग्रहातला अर्धवट फोल्डर पुसून पुन्हा कॉपी केली. स्क्रिप्ट आता आधी 'अपूर्ण' नावाच्या फोल्डरमध्ये लिहिते आणि पडताळणीनंतरच नाव बदलते. पडताळणीचंही एक आहे. कॉपी झाल्या झाल्या शा-२५६ (फाइलीतल्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) काढला तर फाइल डिस्कवरून नाही, मेमरीतल्या प्रतीतून वाचली जाते आणि जुळतेच. आधी 'सिंक', मग '/प्रॉक/सिस/व्हीएम/ड्रॉप_कॅशेस' मध्ये ३ लिहायचं, आणि त्यानंतर तपासायचं.

एसडीबी, एसडीसी ही नावं कायमची नसतात. हबवर आधी पेनड्राइव्ह असेल तर क्रम बदलतो. कुठल्या स्लॉटमधल्या कार्डाची कॉपी झाली हे पडद्यावर दाखवण्यासाठी '/डेव्ह/डिस्क/बाय-पाथ' मधली नावं घेतली. त्यांच्या शेवटचा आकडा रीडरमधला स्लॉट दाखवतो : ०, १, २, ३. एकेक कार्ड घालून आकडे जुळवले आणि रीडरवर पांढऱ्या पट्ट्या चिकटवून 'अ' ते 'ड' लिहिलं. हबवरचा रीडरचा पोर्ट बदलला की हा पाथही बदलतो, म्हणून त्या वायरवर लाल टेप गुंडाळली.

फोन मात्र यात येत नाहीत. अँड्रॉइड फोन वायरनं जोडला तर तो एमटीपी या वेगळ्या पद्धतीनं बोलतो, ब्लॉक उपकरण, म्हणजे डिस्क म्हणून दिसतच नाही, त्यामुळे 'एलएसबीएलके'मध्ये शोधून उपयोग नाही. थेट वायरनं लावलेल्या कॅमेऱ्याचंही बहुतेक तसंच. कार्ड काढून आणायला सांगायचं.

७ जुलैच्या सोमवारी अकरा कार्डं आणि चार पेनड्राइव्ह आले, सगळे बीप वाजून परत गेले. ८ तारखेला रीडर, हब आणि डिस्कची डेडस्टॉक रजिस्टरमध्ये नोंद झाली, बिलांच्या प्रती फाइलला लागल्या. नियमाची आणि सेवेची फाइल छापून त्याच फाइलमध्ये ठेवली आहे. मशीनशेजारच्या भिंतीवर कागद लावलाय : "कार्ड घाला. छोटा बीप होईपर्यंत काढू नका. लांब आवाज आला तर कार्ड फॉरमॅट करू नका, कार्यालयात सांगा."